फुलाफुलांची पिशवी

फोन आला तेव्हा दोऱ्याचा व्यापारी समोर बसला होता आणि मी त्याच्याशी घासाघीस करत होते. सुशीलाच्या पल्लवीचा आवाज... "मावशी, आई उठतच नाहीये." मी व्यापाऱ्याला म्हटलं, तुमच्याच भावानं पाठवा, आणि निघाले. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. सव्वा महिना होत आला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो सुशीलावरही आहे.

सुशीला माझ्या अंबडच्या कारखान्यात कटिंग करायची. कारखाना म्हणजे सुरुवातीला पत्र्याची एक शेड, दोन मशीन आणि आम्ही सिन्नरकडच्या दोघी. कंपन्यांतल्या कामगारांचे गणवेश शिवायचो. मी भांडून ऑर्डरी आणायचे, ती कापायची. शिलाईत कायम दोन बोटं कापड जास्त सोडायची. मी ओरडले की म्हणायची, "शेठाणी, माणूस फुगतो. उसवायला जागा नको?" आणि खडू फिरवत राहायची...

उरलेल्या आणि घरच्या जुन्या कापडातून तिनं घरासाठी दोन पिशव्या शिवल्या होत्या. खाकी पिशवीत घरातल्या सगळ्यांचे दवाखान्याचे कागद. दुसरी फुलाफुलांची, कपाटाच्या दारामागच्या खिळ्याला, जुन्या ओढणीखाली झाकलेली. तिचं नाव 'बायकांचं'. सुशीलाची पाळी पहिल्यापासून अनियमित. हनुवटीवर केस यायचे, ते ती गुपचूप उपटायची. पाळी जायच्या सुमारास बाईडॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. रिपोर्टात एका प्रोटीनचं भलतंच लांब नाव होतं. मी बरोबर होते. बाईंनी सोपं करून सांगितलं, हे प्रोटीन यकृतात तयार होतं आणि रक्तातल्या स्त्री-पुरुष हार्मोनना धरून ठेवतं. तुमचं कमी आहे. त्यानंच काही होतं असं ठामपणे सांगता येत नाही, पण ज्या बायकांचं कमी असतं त्यांच्यात साखर आणि हृदयाचा त्रास जास्त आढळतो. फिजिशियनना हा कागद नक्की दाखवा. सुशीलानं मान डोलावली. कागद फुलांच्या पिशवीत गेला.

पुढच्या वर्षी तिला जिना चढताना दम लागायला लागला. जबडा दुखायचा, पाठ भरून यायची. "लय काय नाय गं, पित्त झालंय." शेवटी मीच तिला फिजिशियनकडे ओढत नेलं. तिनं खाकी पिशवी घेतली. डॉक्टरांनी बीपी बघितलं, कार्डिओग्राम काढला. तो ठीक आला.

"वय झालं, ताई. या वयात बायकांना होतं असं. आणखी काही जुने रिपोर्ट?"

सुशीलानं माझ्याकडे बघितलं. दोऱ्याच्या एका रिळासाठी बाजार डोक्यावर घेणारी मी, त्या पुरुष डॉक्टरसमोर पाळीचा विषय कसा काढायचा म्हणून टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

"नाही, एवढंच," ती म्हणाली. बाहेर आल्यावर हसली. "शेठाणी, आज लय गप्प?"

त्या डॉक्टरांवर माझा राग आहे. त्यांनी 'वय झालं' म्हणण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. सुशीलानं तोंड उघडायला हवं होतं. आणि माझं तोंड तर कधी मिटलेलं नसतं... कागद दाखवला असता तर ती वाचली असती का, कुणीच सांगत नाही. पण पुढची तपासणी तरी झाली असती.

मागच्या आठवड्यात पल्लवीकडे गेले. अठ्ठाविशीची पोर. हल्लीच साखर वाढलेली निघाली, म्हणून फिजिशियनकडे निघाली होती, खाकी पिशवी खांद्याला लावून. मी कपाटाचं दार ओढलं. फुलांची पिशवी होती तिथंच होती, टम्म फुगलेली. वरचा कागद सुशीलाचा समजून बाहेर काढला. तेच लांब नाव, आकड्यापुढे कमी असल्याची तीच खूण... वर नाव पल्लवीचं.

"ही पण घे," मी म्हटलं.

"मावशी, तिथं पुरुष डॉक्टर आहेत. ते बायकांचं आहे."

मी पायात चपला घातल्या. "चल, मी येते."

रिक्षात पिशवी मी मांडीवर घेऊन बसले. पहिल्या सिग्नलला पल्लवीनं आपली ओढणी हळूच पिशवीवर ओढली.