पाच आगाऊ सह्या

गुरुवार, ५ डिसेंबर १९९६. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या घरात एक गुन्हा उघडकीस आला. गुन्हेगार त्या वेळी पोहे खात होता. (हे मला दुपारी कळले.)

"परवापासून वैजूला वर्गाबाहेर उभं करतायत," आमच्या सौ. म्हणाल्या. "शनिवारपर्यंत शिक्षा आहे म्हणे."

मी बशी खाली ठेवली. वैजयंती ही आमची एकुलती मुलगी. तेव्हा पाचवीत होती. अक्षर स्वच्छ, बोलणे मोजके आणि खोटे बोलण्याचा अनुभव शून्य. अशा मुलीला वर्गाबाहेर उभे करतात, याचा अर्थ पाणी कुठेतरी मुरत होते.

येथे माझ्या नोकरीविषयी सांगणे भाग आहे. मी सरकारी खात्यात दप्तर-तपासनीस होतो. तालुक्याच्या कार्यालयांत न कळवता जाणे, हजेरीपुस्तक मागवणे आणि कोणी उद्याची सही आजच करून ठेवली आहे हे शोधणे, हे माझे काम. या कामाने माणसाचा स्वभाव संशयी होतो असे म्हणतात. माझा आधीपासूनच होता. खात्याने त्याची सोय केली, इतकेच.

मी वैजूला समोर उभे केले.

"शिक्षा कशाबद्दल?"

"गृहपाठाच्या वहीबद्दल."

"गृहपाठ केला नव्हतास?"

"केला होता."

"मग?"

"मला सांगता येणार नाही, बाबा."

"कोणी सांगू नको म्हणालं का?"

तिने मान डोलावली.

"कोण?"

तिने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, शेवटी पोह्यांकडे पाहिले. "तेही सांगता येणार नाही."

प्रकरण गंभीर होते. दहा वर्षांच्या मुलीचे तोंड कोणीतरी बंद केले होते आणि तेही माझ्या घरात येऊन.

"अहो, मी काय म्हणते," सौ. म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात तुम्ही जायच्या आधी..."

"मध्ये बोलू नकोस. चौकशी चालू आहे."

"अहो पण वहीतच..."

"साक्षीदाराने विचारल्यावर बोलायचं असतं."

साक्षीदार ओट्याकडे निघून गेला. जाता जाता एवढेच म्हणाला, की आज मधल्या सुट्टीपर्यंत पालक शाळेत आले नाहीत तर वैजूचे नाव लेझीम पथकातूनही कमी होणार आहे.

हे मात्र मला लागले. शाळेचे स्नेहसंमेलन महिनाअखेरीस होते आणि पथकाच्या पहिल्या रांगेत, अगदी पुढे, वैजू होती. दीड महिना ती घरात पातेल्याचे झाकण घेऊन सराव करत होती. आमच्या घराण्यात पुढे उभे राहण्याची वेळ यापूर्वी कोणावर आली नव्हती. मी तसे बोलून दाखवले नव्हते. झाकण मात्र दोनदा वाकले आणि मी दोनदा सरळ करून दिले होते.

अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि संशयितांचा विचार करू लागलो. पहिला संशय वर्गशिक्षिका भामरे बाईंवर. मागच्या वर्षी पालकसभेत मी शाळेची घंटा चार मिनिटे आधी होते, हे घड्याळ दाखवून सिद्ध केले होते. बाई त्या सभेत पहिल्या खुर्चीवर होत्या आणि हसल्या नव्हत्या. (बाकीचे हसले होते, पण ते माझ्यावर.) म्हणजे सूड. दुसरा संशय वैजूच्या बाकावरच्या मुलीवर, कारण लेझीमच्या दुसऱ्या रांगेत ती होती. सिडकोतून गंगापूर रोडपर्यंत स्कूटरने जाईपर्यंत मला या दोघींचे संगनमतही दिसू लागले.

शाळेत पोहोचलो तेव्हा वैजू पाचवी 'ब'च्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी होती. मला पाहून ती घाबरली. शिक्षेपेक्षा माझ्या येण्याने तिची भीती वाढलेली दिसली, हीही मी संशयास्पद बाब म्हणून टिपून ठेवली.

भामरे बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. पन्नाशीच्या, उंच आणि घाई नसलेल्या.

"वैजयंतीचे वडील ना? बसा. परवा चिठ्ठी पाठवली होती तुम्हाला."

"मला कोणतीही चिठ्ठी मिळालेली नाही."

बाईंनी खणातून कागद काढून टेबलावर ठेवला. वर त्यांची चिठ्ठी होती. खाली माझ्या हस्ताक्षरात शेरा होता: 'दिनांक व जावक क्रमांक नसल्याने न वाचता परत.'

मंगळवारी संध्याकाळी टेबलावर एक कागद होता खरा. मी त्याचा निकाल लावला होता.

"चिठ्ठीत काय होतं?" मी विचारले.

"की तुमची मुलगी तुमची खोटी सही करते."

मी उभा राहिलो. "माझी मुलगी असं करणार नाही."

"मलाही तसंच वाटत होतं. म्हणून वाईट वाटलं."

त्यांनी वही उघडली. मुलांनी रोजनिशी लिहायची, रोज दहा ओळी, आणि खाली पालकांनी वाचून सही करायची, असा तो गृहपाठ. सव्वीस ते तीस नोव्हेंबर, पाच पाने, पाच सह्या. शेजारी बाईंनी वैजूच्या प्रवेशाचा जुना अर्ज ठेवला. त्यावरची माझी सही लांब, तीन वळणांची. वहीतली आखूड, एका फटकाऱ्याची.

"ही आणि ही एकाच माणसाची वाटते तुम्हाला?"

"दोन्ही माझ्याच आहेत," मी म्हणालो. "मी तीन प्रकारच्या सह्या करतो. कार्यालयाची वेगळी, बँकेची वेगळी, घरची वेगळी. एक सही पाहून कोणाला दुसरी करता येऊ नये म्हणून."

"कोणाला म्हणजे?"

"कोणालाही."

 बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "मग घरची करून दाखवा."

"क्षमा करा. कोऱ्या कागदावर मी सही करत नाही. वर काय लिहिलं जाईल याचा भरवसा नसतो. तीस वर्षांत एकदाही केलेली नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग सत्तावीस तारखेचं पान वाचते. ऐका."

आणि त्या वाचू लागल्या. शिक्षकांच्या खोलीत आणखी चार शिक्षिका होत्या. त्यांनी वह्या तपासणे थांबवले.

"'आज बाबा कळवणला आहेत. ते शनिवारी रात्री येणार आहेत. म्हणून आईने वांग्याचे भरीत केले. बाबांना भरिताचा वास चालत नाही. मग आम्ही रेडिओ मोठा लावला. आई माझ्याबरोबर लेझीम खेळली. आज घरात सगळे मोठ्याने हसले. बाबा असले की आम्ही हळू हसतो.'"

एक शिक्षिका खोकली.

"आणि याच्या खाली," बाई म्हणाल्या, "'वाचले. मजकूर बरोबर आहे.' सही. दिनांक सत्तावीस. आता साहेब, तुम्ही सत्तावीसला कळवणला होतात की नाही?"

"होतो."

"मग वाचलं कोणी?"

तेव्हा मला आठवले. मागच्या आठवड्यात सोमवारी, दौऱ्याची बॅग भरताना, वैजू वही घेऊन आली होती. "बाबा, तुम्ही नसताना सही कोण करणार?" सौ. म्हणाल्या होत्या, "मी करते की." मी म्हणालो होतो की शाळेच्या दप्तरी पालक म्हणून माझे नाव आहे, अधिकार असा तोंडी देता येत नाही. आणि बसची वेळ झाली होती म्हणून मी पाच कोरी पाने उलटून, पाच ठिकाणी शेरा, सही आणि पुढचा दिनांक घातला होता. रोज चाळीस कागदांवर सही करणाऱ्या माणसाला सही करून विसरण्याची सवय लागते. निघताना वैजूला एवढेच बजावले होते, "आगाऊ सही केल्याचं कुणाला सांगायचं नाही. कुणालाही."

मी खुर्चीत बसलो. त्याच आठवड्यात कळवणच्या कार्यालयात देवरे नावाच्या लिपिकाला मी याच गुन्ह्याखाली पकडले होते. बुधवारी त्याने गुरुवारची सही करून ठेवली होती. "साहेब, मी उद्या येनारच व्हतो ना," तो म्हणाला होता. "मानूस हजर हाय, सही खरी हाय, मंग खोटं काय हाय?" मी त्याला म्हणालो होतो, की खोटा आहे तो तुमचा स्वभाव. त्याच्या नोटिशीचा मसुदा त्या क्षणी माझ्या बॅगेत होता.

गप्प राहून चालले असते. सही माझीच आहे, ती मी शनिवारी रात्री परतल्यावर एकदम केली, असे सांगता आले असते. बाईंना ते खोडता आले नसते. पण ते सांगितले असते तर वैजूला आणखी एक गोष्ट कोणाला न सांगण्याची ताकीद द्यावी लागली असती.

"सह्या मी सोमवारीच केल्या," मी म्हणालो. "पानं कोरी होती."

"पाच कोऱ्या पानांवर?"

"हो."

"तीस वर्षांत एकदाही कोऱ्या कागदावर न करणाऱ्या माणसानं?"

"हो."

"का?"

याला माझ्याकडे नियमातले उत्तर नव्हते. "ती काही भलतं लिहिणार नाही, हे माहीत होतं," मी म्हणालो.

बाईंनी वही मिटली आणि वैजूला आत बोलावले. "अगं, वडिलांनी आधीच सह्या करून ठेवल्या होत्या, हे परवाच का नाही सांगितलंस?"

वैजूने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून परवानगी दिली.

"बाबांनी सांगू नको म्हटलं होतं."

"म्हणून तू तीन दिवस उभी राहिलीस?"

"शनिवारपर्यंत राहणार होते. मग संपलं असतं."

 मी तिच्या दप्तराचा निघालेला पट्टा बसवून दिला.

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी परत आली तेव्हा मी घरी यायला हवं होतं. पण तो शेरा वाचून धीर झाला नाही." मग त्यांनी वैजूला मैदानावर पाठवले. पहिल्या रांगेत. मला मात्र सोडले नाही.

"खुलासा लिहून द्या."

मी तीस वर्षे खुलासे मागवले होते. लिहिला एकही नव्हता. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. अखेर जे वाक्य सुचले ते देवऱ्यांचे होते, फक्त शुद्ध भाषेत: 'सही खरी असून, ती ज्या मजकुरासाठी केली तो मजकूरही खराच आहे.' बाईंनी वाचले आणि कागद परत केला.

"दिनांक घातला नाहीत."

मैदानावरून लेझमीचा आवाज येत होता. मी दिनांक घातला. त्या दिवसाचाच.

"आणि यापुढे आईची सही चालेल," बाई म्हणाल्या. "नमुना पाठवून द्या."

दुपारी कार्यालयात जाऊन देवऱ्यांच्या नोटिशीवर 'तोंडी समज दिली, प्रकरण बंद' असा शेरा मारला. समज कोणी कोणाला दिली, हे लिहिण्यासाठी त्यात रकाना नव्हता.

संध्याकाळी घरी भरीत होते. मी वाढून घेतले.

"सकाळी मी हेच सांगत होते," सौ. म्हणाल्या. "पण साक्षीदाराला बोलायची बंदी होती."

"वैजूने रोजनिशीत लिहिलंय, की मी असलो की तुम्ही हळू हसता."

"मग? मजकूर बरोबर आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय ना?"

मायलेकी हसल्या. हळू नव्हे.

जेवणानंतर सौ.नी कोऱ्या कागदावर नमुन्याची सही केली. एकदाच, न थांबता. त्याखाली साक्षीदार म्हणून मी माझी घरची सही केली, आणि काही गफलत नको म्हणून वैजूने परत आणलेल्या वहीतल्या सहीशी ताडून पाहिली. जुळली नाही. दोन्ही माझ्याच होत्या.