सासूबाईंचं गवत आणि जावयाचं विमान

धंद्याने तो कवळ्या बनवणारा. दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवता बसवता त्याचे स्वतःचे पाय कधी जमिनीवर ठरले नाहीत. त्याने आजवर पुष्कळ खेळातली विमानं बांधली. सगळी उडाली, पण आल्या वाटेने एकही परत आलं नाही. त्यांचे पंख, शेपट्या, चाकं माळ्यावर रचलेली. गल्ली त्याला 'पायलट' म्हणायची, आणि म्हणताना कोणीही हसू लपवायचे कष्ट घेत नसे.

खालच्या मजल्यावर सासूबाई राहत. त्यांच्याकडे मागची बाग होती आणि गवत कापायचं पेट्रोलचं मशीन होतं. त्या मशीनच्या दांड्याच्या टोकाला नारळाएवढं इंजिन होतं. पायलटने ते पाहिलं आणि त्याची नियत फिरली.

"आई, आवाज बिघडलाय याचा. सर्व्हिसिंग करून देतो."

सासूबाईंनी विश्वासाने मशीन दिलं. जावई शेवटी घरचाच.

वर आल्याबरोबर त्याने दांडा काढला, कव्हर काढलं, चालू करायची दोरी कापून फेकली. इंजिनावरच्या लोखंडी चाकाच्या पाकळ्या कवळ्या घासायच्या ग्राइंडरवर घासून साफ केल्या. त्यामुळे इंजिन हलकं झालं आणि मशीन पुन्हा जोडायची सोय कायमची संपली. विमानाचा पंखा बसायला हवा होता ज्या बाजूला दांडा होता तिथे. पण तिथला क्लच काही केल्या निघेना. पायलट अडून बसणाऱ्यातला नव्हता. त्याने सरळ उलट्या बाजूला, दोरीची चरखी होती तिथेच पंखा ठोकून दिला. "इंजिन एक, आतला आस एक. या टोकाला काय अन् त्या टोकाला काय!"

बोटाने पंखा फिरवून इंजिन सुरू होईना. मग त्याने ड्रिलने उलटसुलट फिरवून पाहिलं, आणि ते असं धडधडलं की टेबलावरच्या कवळ्या नाचायला लागल्या. इंजिन नव्या विमानाच्या नाकावर बसवून विमान टेबलाला बांधलेलं होतं. पायलट मागे उभा, बायको समोर दारात. कवळ्यांच्या साच्यांच्या प्लास्टरची सगळी पूड उडाली ती बायकोच्या अंगावर. ती पार पिठाची बाहुली झाली. पायलटच्या कपाळावरचा केसही हलला नाही. याचा अर्थ काय, हे विचारायची त्याला तेव्हा शुद्ध नव्हती.

बायकोने तोंड पुसलं. "अहो, आईचं गवत गुडघ्याला लागलंय. ती रोज विचारते, मी रोज खोटं बोलते. या रविवारी हे उडालं तर उडालं. नाहीतर आईला मी खरं सांगणार आणि माळा भंगारवाल्याला देणार."

"सगळा माळा?"

"शेपटीसकट."

रविवारी पायलट विमान घेऊन बागेमागच्या मैदानात गेला. सासूबाई कुंपणापाशी खुर्ची टाकून बसल्या. "सर्व्हिसिंग झालेलं मशीन बघू तरी," म्हणाल्या. विमानाकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बायकोने देवाचं नाव घेतलं की नवऱ्याचं, ते कळलं नाही.

इंजिन गरजलं. पायलटने रिमोटवर बोट रेटलं.

विमान मागे निघालं.

चांगलं तोऱ्यात, शेपटी पुढे करून. "अरे, थांब, थांब!" ओरडत पायलट त्याच्यामागे धावला. विमानाने सासूबाईंच्या खुर्चीला वळसा घातला, कुंपणाच्या फटीतून बागेत घुसलं आणि गवत सपासप कापत कुंडीवर आदळून नाकावर उलटलं. पंखा तुटला. मागे बागेत एक कापलेला पट्टा उरला, केसांत नुकत्याच पाडलेल्या भांगासारखा.

पायलटला आता ती प्लास्टरची पूड आठवली. क्लचच्या उलट्या टोकाला बसवलेला पंखा उलटाच फिरणार, वारा पुढे फेकणार! त्याने कपाळावर हात मारून घेतला. बायकोने खोल श्वास घेतला. "आई, ते मशीन ना, खरं म्हणजे..."

"दिसतंय मला. आंधळी नाहीये मी." सासूबाई उठल्या आणि वाकून पट्टा बघू लागल्या. "कापतंय की. मशीन माझं, तेव्हा हे विमानही माझंच झालं. माझी वस्तू भंगारात कोण देतंय?"

"आई, पण ते उडालं नाही!"

"तुझे बाबा तरी कुठे उडाले होते? ठेवलंच ना त्यांना?" मग त्या जावयाकडे वळल्या. "जावईबापू, आता हे पुढे कसं जायचं?"

"इंजिन शेपटीकडे बसवतो, आई. नवा पंखाही पालटून लावतो. मागून ढकलेल. उलटं फिरतंय तेच कामाला येईल."

"बसवा. पण आधी उरलेलं गवत."

त्यांनी विळा आणून त्याच्या हातात दिला. पायलट उकिडवा बसून कापू लागला. थोड्या वेळाने बायकोने चहा आणला, तेव्हा बाग जेमतेम निम्मी झाली होती. पण एक लांब पट्टा मात्र मधोमध अगदी सरळ, जमिनीलगत साफ केलेला होता.

"हे काय?"

"धावपट्टी," पायलट म्हणाला आणि कप घ्यायला त्याने हात पुढे केला.