गाडी रुतायची वाट पाहणारा

गोराईच्या वाळूत माझी गाडी रुतली, भरतीचं पाणी जवळ यायला लागलं, आणि हा गृहस्थ हसत हसत धावत आला. पन्नाशीचा, इस्त्रीची हाफपँट, मागे धुऊनपुसून चकचकीत ठेवलेली जीप.

"रुतली ना? व्वा!" म्हणाला. मला रागच आला.

त्याने खिशातून बोटाएवढ्या जाड दोरीचं वेटोळं काढलं. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला फास. माझ्या गाडीच्या हुकातून आणि जीपला बांधलेल्या पट्ट्यातून दोरी ओवून त्याने ती गाठ फासात अडकवली, लहान मुलाच्या सदऱ्याचं बटण लावावं तशी.

"दोरीने ओढणार? वाट लागली!" बायको म्हणाली.

"ताई, इथे लोखंडी कडी लावतात ना, शॅकल, ती तुटली तर गोळीसारखी येते. ही हलकी. तरी लांबच उभ्या राहा."

जीपने ओढ घेतली आणि गाडी अलगद बाहेर आली. उतरून त्याने चक्क टाळ्या वाजवल्या. मग प्यायचं पाणी ओतून दोरीच्या पिळातली वाळू धुतली.

"किती जणांना काढलंत असं?" मी विचारलं.

तो लाजला. "तुम्हीच पहिले. ही दोरी घेतल्यापासून दर रविवारी येतो हो. कोणी रुततच नाही!"

दुसऱ्याच्या अडचणीची इतक्या निर्मळ मनाने वाट पाहणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

निघताना तो खिडकीशी आला. "पुढच्या रविवारी येणार ना? जरा पाण्याच्या बाजूने घाला गाडी."

माझ्याआधी बायकोच म्हणाली, "येतो की!"