सभात्याग न करणाऱ्या सुशीलाअक्का

सुशीलाअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मंडळाची शाल भर व्यासपीठावर परत करताना. एचएसआर लेआउटमधल्या, पुण्या-मुंबईहून इकडे कानडी मुलखात आलेल्या आम्हा नोकरदारांचा गणेशोत्सव होता. प्रमुख पाहुण्या म्हणून थेट खासदार मिळाल्या, त्याही मराठी बोलणाऱ्या, म्हणून आम्ही भलतेच खुशीत होतो. विरोधी पक्षाच्या आहेत, एवढी कुरकूर दोघातिघांनी केली, पण ती कुणी मनावर घेतली नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरवली. अक्कांनी ती खांद्यावरून काढली, दोन बोटांत चोळून पाहिली आणि माइकवरच विचारलं, "हे रेशीम म्हणून देतासा काय मला?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "सरी, बरं," अक्का म्हणाल्या, "मग हे मी घेत नाही. ज्या गावात रेशीम होतंय तिथं प्लॅस्टिक पांघरून बसू काय?"

शाल मी आणली होती. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. कार्यक्रम संपल्यावर गाडीपाशी त्यांना गाठून म्हटलं, "अक्का, दिलेली शाल घ्यायची आणि घरी जाऊन कुणाला तरी देऊन टाकायची, एवढी रीत सगळेच पाळतात."

"म्हणून तर सगळीकडं हीच शाल फिरतीय," त्या म्हणाल्या. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं भांडतीस की तू. काम काय करतीस?"

"कंपनीत आहे. सॉफ्टवेअर."

"तिथं कुणाशी भांडतीस?"

"कुणाशीच नाही."

"अय्यो, मग वाया चाललीस. सोमवारी माझ्याकडं ये."

त्या सोमवारी मी मुद्दाम गेले नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी गेले आणि पुढची काही वर्षं जातच राहिले. नोकरी सोडून एका बाईची भाषणं तयार करायला लागले म्हणून पुण्यात आईने माझ्याशी बोलणं टाकलं. अक्कांना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतः तिला फोन लावला. काय बोलल्या ते मला अजून माहीत नाही, पण आई पुढे माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त चौकशी करायला लागली.

अक्कांचं घर शिवाजीनगरात, पुण्यातल्या नव्हे, इथल्या, बसस्थानकामागच्या गल्लीत. खाली दुकानं, वर त्या. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, त्यामुळे कुणी कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती. त्या म्हणायच्या, "दिल्लीत मला मद्रासी म्हणतात, पुण्यात कानडी म्हणतात, आणि निवडणूक आली की इथले विरोधक मराठी म्हणतात. मी कुणाची ते यांचं ठरेस्तोवर माझं भाषण संपतंय."

भाषणाची तयारी ही त्यांची खास तऱ्हा. जुन्या पेठेत नागराजअण्णांचा रेशमाला पीळ घालायचा छोटा कारखाना होता. संसदेत बोलायच्या आधी अक्का तिथे जायच्या, यंत्रं चालू असतानाच मधोमध उभ्या राहायच्या आणि अख्खं भाषण म्हणून दाखवायच्या. धाग्याच्या चात्यांचा तो खडखडाट असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. मी कानात बोटं घालून मंत्र्याची भूमिका करायची आणि मधूनमधून आरडाओरडा करायचा. यंत्रावरची जयम्मा मान हलवून खूण करायची, ऐकू येत नाही. मग अक्का तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या. मी एकदा कुरकुरले, की घरी शांतपणे सराव केला तर काय बिघडेल? "शांततेत बोलायला काय, कुणालाही येतंय," त्या म्हणाल्या. "तिथं मला शांतता कोण देणार हाय? आणि ज्यांचं बोलायचं, त्यांनी आधी ऐकायला नको?"

जयम्माने ऐकून एखादा मुद्दा नापसंत केला की तो जायचा. मी रात्ररात्र जागून काढलेले तक्ते असे कितीतरी गेले. मी चिडायचे. अक्कांना माझ्या चिडण्याची गंमत वाटायची आणि त्याचा मला आणखी राग यायचा.

त्यांचं पक्षाशी एका बाबतीत कधीच जमलं नाही. गोंधळ झाला की सगळा विरोधी पक्ष घोषणा देत सभागृहाबाहेर पडायचा, बाहेर कॅमेऱ्यांसमोर उभा राहायचा. अक्कांना या सभात्यागाचा मनस्वी तिटकारा होता. "बाहेर जाऊन चहा पिता येतोय," त्या म्हणायच्या, "विरोध करता येत नाही. विरोध करायचा तर आत बसाय पाहिजे." पक्षाचे लोक हे हसण्यावारी न्यायचे, कारण तोवर त्या कुणाच्या आड आल्या नव्हत्या.

मग ते कलम आलं. परदेशातून येणाऱ्या रेशमी धाग्यावरचं शुल्क एकदम खाली आणायचं, असं अर्थविषयक एका मोठ्या विधेयकात कुठेतरी मधेच लिहिलं होतं. तो धागा पीळ घालूनच येतो. तो स्वस्त झाला की नागराजअण्णांच्या कारखान्याला कामच उरणार नव्हतं, आणि तसे कारखाने आमच्या आसपास गल्लोगल्ली होते. चर्चेत अक्का बोलल्या, खणखणीत बोलल्या. मंत्र्यांनी हसून दाद दिली आणि कलम होतं तसंच ठेवलं.

मतदानाच्या दिवशी मी दिल्लीला गेले नव्हते. अक्कांनीच बजावलं होतं, "तू कारखान्यात जाऊन बस. त्यांना काय चाललंय ते समजावून सांग." नागराजअण्णांनी यंत्रं बंद केली होती. सगळ्या बाया माझ्या लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसल्या होत्या. सभागृहात भलत्याच एका प्रकरणावरून गदारोळ झाला आणि विरोधी पक्ष उठून चालू लागला. अक्कांच्या पक्षाचा निरोप स्पष्ट होता, सगळ्यांनी बाहेर यायचं. बाकं रिकामी झाली आणि त्या रिकाम्या बाकांत एकच पांढरं डोकं राहिलं.

ते कलम मताला टाकलं गेलं. होकाराचा मोठा आवाज झाला. मग नकार विचारला, तेव्हा एकच आवाज आला, पण काय आला! जयम्मा म्हणाली, "केळिस्तु!" ऐकू आलं! अक्कांनी मतविभाजन मागितलं, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून घ्या. सभागृहाच्या अध्यक्षांना त्याची गरज वाटली नाही. त्यांनी विरोधात असलेल्यांना जागेवर उभं राहायला सांगितलं, म्हणजे मोजून टाकता येईल. अक्का उभ्या राहिल्या. पलीकडच्या बाकांवर हशा पिकला. अक्का तशाच उभ्या राहिल्या. हशा ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मोजून झालं का? की पुन्हा मोजणार?"

कलम मंजूर झालं. मी लॅपटॉप मिटला. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. जयम्माने माझ्या पाठीवर हात ठेवला, मग उठून तिने यंत्र चालू केलं. अर्धा दिवस वाया गेला होता.

पक्षाने अक्कांना इथल्या कार्यालयात बोलावून घेतलं. मी बरोबर होते. पक्षाचे नेते चढ्या आवाजात म्हणाले, "एकट्या उभ्या राहून मिळवलंत काय? आमचं हसं झालं. दिलगिरी व्यक्त करा, विषय संपवू. नाही तर पुढच्या वेळी उमेदवारीचं मला सांगता येणार नाही."

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या. "हसं माझं झालं. तुम्ही तर तिथं नव्हतासाच. दिलगिरी कुणी कुणाची मागायची?"

उमेदवारी गेली. अपक्ष उभं राहा असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. तोवर त्यांची तब्येत ढासळायला लागली होती, आणि त्यांना ते आमच्याआधी कळलं होतं. अक्का गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. नागराजअण्णांची निम्मी यंत्रं विकली गेली. त्या जिंकल्या, असं मी कुणाला सांगत नाही, कारण त्या हरल्या. हरल्या हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, आणि पुढे म्हणायच्या, "पण बिनविरोध होऊ दिलं नाही."

त्या जाण्याच्या थोडं आधीची गोष्ट. दिल्लीचे एक मंत्री रेशीमवाल्यांसाठी कसलीशी योजना जाहीर करायला शहरात आले होते. डॉक्टर नको म्हणत असताना अक्का गेल्या. पाहुण्यांत नव्हे, लोकांत, मधल्या रांगेत, मला धरून बसल्या. कारखान्यांतल्या बाया मागच्या बाजूला होत्या. त्यातल्या निम्म्याजणींचं काम आता सुटलं होतं. मंत्री बोलता बोलता म्हणाले, की शुल्काचा तो निर्णय काही सरकारचा एकट्याचा नव्हता, संपूर्ण सभागृहाने एकमताने घेतला होता.

अक्कांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. त्यांना उठायचं होतं. मी त्यांना आधार द्यायला वळले, तेवढ्यात मागून जयम्मा कडाडली, "इल्ला!" नाही! मंत्री थांबले. मग दुसरी उठली, तिसरी उठली, सगळी मागची बाजू उभी राहिली. सगळ्या ओरडू लागल्या, एकमताने नव्हतं, आमची अक्का नाही म्हणाली होती, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, आता आम्हीही नाही म्हणतो, ते शुल्क परत लावा. पोलीस पुढे सरकले, तरी एकीने आवाज खाली आणला नाही. माइक मंत्र्यांच्या हातात होता, पण ऐकू त्यांचं येत नव्हतं.

मी अक्कांना म्हटलं, "चला, उठा, मी धरते."

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "आता कशाला?" म्हणाल्या, आणि पाठ टेकून निवांत बसून राहिल्या.