पांढऱ्या रुमालाचं कलम

ब्राह्मणपुरीला आमच्या केळीच्या बागेतून एका ठेकेदाराचे डंपर जायचे. पहिल्या वर्षीच्या करारात लिहिलं होतं, 'धूळ निवारणाचा खर्च म्हणजे ठेकेदारास वाजवी वाटेल तो खर्च.' मी न वाचता सही केली होती. ठेकेदाराच्या साहेबाला वाजवी वाटलं ते एवढंच, की वरचे अधिकारी येतील त्या सकाळी एक टँकर पाणी रस्त्यावर मारायचं. पानं धुळीनं माखली, घड भरलेच नाहीत. तक्रार घेऊन गेलो तर साहेब हसला. म्हणाला, "व्याख्या वाचा."

वर्षभर मी तेवढंच वाचत होतो.

दुसऱ्या वर्षी त्यांना पुन्हा तोच रस्ता हवा होता, दुसरी वाटच नव्हती. या वेळी शहाद्याच्या वकिलासमोर बसून व्याख्या मी सांगितली. आई पानावरून पांढरं फडकं फिरवून धूळ बघते, तीच रीत कलमात घातली. पांढरा रुमाल मळला तर पानं धुण्याचा सगळा खर्च ठेकेदाराचा, आणि शेवटचं पान स्वच्छ होईपर्यंत डंपर उभे. साहेबानं न वाचता सही केली.

पहिल्याच आठवड्यात आई त्याला म्हणाली, "साहेब, तुमना रुमाल द्या."

रुमाल मातकट झाला. डंपर थांबले, ठेकेदाराची माणसं पानं धुऊ लागली, साहेब उन्हात उभा. दुपारी त्यानं विचारलं, "आता सोडता का?"

आईनं बागेतल्या मागच्या, अजून न धुतलेल्या रांगेकडे पाहिलं. रुमाल पाटाच्या पाण्यात धुतला, पिळला, बांधावर पसरला.

"हाऊ सुकू द्या," ती म्हणाली. "आजून मांगनी रांग बाकी शे."