जंक नावाचा फोल्डर

नरडाण्याला माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. तिथे एक बाई महिनाभर रोज यायची. तिशीची असेल. तिचं नाव इथे लिहीत नाही. एका कंपनीत पॅकिंगच्या कामासाठी तिने अर्ज केला होता आणि मुलाखतीचं पत्र ईमेलवर येणार होतं. माऊसला हात लावण्याआधी ती पदराला बोटं पुसायची. मग ओठ हलवत एकेका फोल्डरचं नाव वाचायची, तो उघडून पाहायची आणि निघून जायची.

ईमेलच्या सॉफ्टवेअरची भाषा मीच मराठी केली होती. लोकांना वाचता यावं म्हणून, आणि थोडं मिरवायलाही. त्याने ‘इनबॉक्स’, ‘पाठवलेले’, ‘नकोसे’ असे नवे फोल्डर तयार केले. जुने इंग्रजी फोल्डर खाली तसेच राहिले, तिकडे मी कधी पाहिलंच नाही.

एके दिवशी तिच्यासमोरच मी खालचा ‘जंक’, म्हणजे ‘नकोसे’चाच जुना इंग्रजी फोल्डर, उघडला. पत्र त्यात पडलेलं होतं. मुलाखत होऊन नऊ दिवस झाले होते. मी कंपनीत फोन लावला. जागा भरली होती.

“ताई, पत्र इंग्रजी फोल्डरात गेलं होतं,” मी म्हणालो.

“मराठी ते माले वाचता येस, भाऊ,” ती हळूच म्हणाली. “मराठीमा व्हतं तेवढं बठ्ठं वाचं मी.”

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पुन्हा आली नाही. त्याच आठवड्यात मी भाषा परत इंग्रजी करून टाकली. का केली, असं एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.