हळूकाका आणि मेमरीची पट्टी

...तर कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडं पडलेलं, आतला पंखा घुर्र घुर्र फिरतोय, आणि पडदा मात्र काळा ठिक्कर. मधूनच डबा बीप, बीप, बीप असं कण्हायचा, दम घ्यायचा, आणि पुन्हा बीप, बीप, बीप. हळूकाका त्याच्यासमोर उकिडवे बसून असे बघत होते, की आता हा तोंड उघडून कुठं दुखतंय ते सांगेल.

हळूकाका म्हणजे आपले काचवाले. आईबापांनी नाव दुसरंच ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. सगळा जन्म खिडक्यांच्या काचा कापण्यात आणि आरसे बसवण्यात गेला. काच उचलायची ती तान्हं मूल उचलावं तशी, ठेवायची ती घोंगडीवर, आणि आल्यागेल्याला बजावायचं, "हळू!" पुढंपुढं ते तोंडात इतकं बसलं, की भात वाढणाऱ्या बायकोलाही हळू आणि दारातून जाणाऱ्या मांजरालाही हळू. मग गल्लीनं बारसंच करून टाकलं.

हातून कधी काच तडकली नाही, हा माणसाचा मोठा अभिमान. काच तडकते तेव्हा आवाज कसा येतो, ठाऊक आहे? खट्ट! बारीकसाच येतो, पण तो कानावर पडला की काचवाल्याचे हात थिजतात. शेजारच्या दुकानात कुणी खट्ट करून कुलूप लावलं, तरी हळूकाका हातातली काच खालीवर करून तपासायचे.

आता असा माणूस कॉम्प्युटरच्या वाटेला गेला कशाला, तर लेकीसाठी. लेक इमारतींचे नकाशे काढते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कचेरीत मान मोडून काम केलं, आणि आता कुठं घरच्या मधल्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. पहिलं मोठं काम मिळालं ते एका दवाखान्याच्या वाढीव खोल्यांचं. नकाशा त्या डब्यात, आणि तो संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. नाही पाठवला तर काम दुसऱ्याकडे जाणार, हे दवाखान्याच्या डॉक्टरांनी गोड आवाजात, पण दोनदा सांगितलं होतं.

डबा मात्र म्हातारा. नकाशा उघडायला सांगून लेक चहा करायची, प्यायची, कप विसळून यायची, तरी पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे. बापाला ते बघवेना. ते गपचूप कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काका, मेमरी वाढवा. जुनी पट्टी काढायची, त्या जागी ही मोठी बसवायची. अगदी सोपं आहे. फक्त दाबून बसवा, खट्ट वाजलं पाहिजे."

हळूकाकांनी मान डोलावली. त्या दिवशी सकाळी लेक शेवटची मापं घ्यायला दवाखान्यात गेली, आणि इकडे काकांनी घोंगडी अंथरली.

काम बाकी बघण्यासारखं केलं हो! वायर भिंतीतून काढली, झाकण उतरवलं, स्क्रू वाटीत ठेवले, जुनी पट्टी दोन्हीकडचे चाप सोडवून अलगद उपसली. नवी पट्टी खाचेत ठेवली आणि अंगठ्यांनी दाबली. जरा गेली. आणखी दाबली, आणखी जरा गेली. मग अंगठ्यांना कळलं की आता पुढं खट्ट होणार. झालं! अंगठे जागच्या जागी थांबले. वरून बघितलं तर पट्टी सरळ उभी. काकांनी समाधानानं हात पुसले, वायर लावली आणि बटण दाबलं.

पुढचं सांगितलंच. पंखा घुर्र, पडदा काळा.

"जाऊ दे, जुनीच परत लावू," असं म्हणून त्यांनी जुनी पट्टी बसवली. तीही तशीच, त्याच मायेनं. पुन्हा पंखा घुर्र, पडदा काळा. तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या पट्टीवर तर काल रात्रीपर्यंत चालत होता! म्हणजे बिघाड पट्टीत नाही, डब्यातच. आणि डब्याला हात कुणी लावला?

मग सुचेल ते केलं. वायर काढली, लावली. डबा पुसला. पडदा तर कागदानं घासून घासून असा लखलखीत केला, की त्यात त्यांना स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसायला लागला.

एवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या. काकूंचा हात म्हणजे घण. त्या कपाट लावतात तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात. म्हणून तर लग्न झाल्यापासून त्यांना काचेच्या दुकानात पाऊल टाकायची बंदी होती.

"बंद पडलाय का हो?"

"बंद कुठाय? चालू आहे की."

"मग दिसत का नाही काही?"

"दिसत नाही एवढंच. बाकी चालू आहे."

"डोळे मिटून माणूस घोरतो, त्याला आपण जागा म्हणत नाही," काकू म्हणाल्या. "त्या दुकानातल्या बाईला फोन लावा. पोरगी यायची वेळ झाली."

काकांनी फोन लावला. आवाज रडवेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बीप वाजतंय ना? मग पट्टी नीट बसली नसेल. बसवताना खट्ट वाजलं होतं का?"

"छे छे!" हळूकाका एकदम ताठ झाले. "अजिबात आवाज होऊ दिला नाही!"

मग बाई म्हणाल्या, "काका, तेच तर व्हायला हवं होतं."

"आणि जुनी लावली तेव्हाही..."

"तेव्हाही नाही वाजलं?"

"मी हयात असताना कसं वाजेल?"

"डबा तुमचा ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "वायर काढा, नवी पट्टी लावा, आणि जोर लावून दाबा. मोडत नाही ती."

वायर काढली. जुनी पट्टी उपसून नवी खाचेत ठेवली. काकांनी अंगठे ठेवले, डोळे मिटले, दातओठ खाल्ले, मानेच्या शिरा फुगल्या. सगळा जोर मानेतच अडकला, अंगठ्यांपर्यंत काही उतरेना. पुन्हा प्रयत्न केला. कपाळावरचा घाम डब्यात पडेल म्हणून काकूंनी पदरानं टिपला.

"होत नाही गं," काका म्हणाले. "हात ऐकत नाहीत. तू दाब."

काकू बघतच राहिल्या. "मी? दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहिले तरी ओरडत होतात!"

"आता तो हिशेब काढू नकोस. पोरीचं काम जाईल. दाब म्हणतो ना!"

काकूंनी बाह्या सरसावल्या, पदर खोचला, खाली बसल्या आणि पट्टीवर दोन्ही अंगठे टेकवले.

"हळू..." काकांच्या तोंडून निघालंच.

"आता तोंड बंद!"

खट्ट!

हळूकाका असे ओरडले, की जिन्यात लेक चढत होती ती उरलेल्या पायऱ्या धावतच आली. दारात उभी राहून बघते तो काय, आई डब्यापाशी फतकल मारून बसलेली, बाबा दोन्ही कान झाकून भिंतीला टेकलेले, आणि घोंगडीवर तिचा कॉम्प्युटर पोट उघडून पडलेला. हातातल्या मापांच्या टेपचं वेटोळं सुटून जमिनीवर घरंगळत गेलं.

"काय केलंत हे? माझा नकाशा आहे त्यात!"

काकूंनी वायर भिंतीत खुपसली आणि बटण दाबलं. पंखा घुर्र झाला. एकच बीप वाजलं. मग त्या लखलखीत पडद्यावर अक्षरं उमटली, आणि मागोमाग लेकीनं लावलेलं समुद्राचं चित्र.

लेक खुर्ची ओढून बसली आणि नकाशा उघडायला टाकला. सवयीनं चहा ठेवायला अर्धी उठली तोच सगळ्या खोल्या, खिडक्या, दारं पडद्यावर हजर. ती तशीच अर्धवट उभी राहिली. मग खाली बसली, सकाळची मापं भरली, आणि उन्हं उतरायच्या आत नकाशा डॉक्टरांकडे रवाना झाला. थोड्याच वेळात त्यांचं उत्तर आलं, मिळाला, सोमवारपासून पुढच्या कामाला लागा.

तोवर हळूकाका स्वयंपाकघराच्या दाराशी स्क्रूची वाटी हातात धरून उभेच होते. लेकीनं खुर्ची वळवली. ओठांवर हसू होतं, पण ते दिसू न देण्याची तिची खटपट चालली होती.

"बाबा, आज काही झालं असतं तर? उघडायच्या आधी मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

काका म्हणाले, "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग मला तुझा शब्द मोडून उघडावं लागलं असतं. ते बरं दिसलं असतं का?"